उत्तेजनेत येणारं चिकट पाणी आणि त्यामागे धरून बसलेली भीती: एका तरुणाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, पण ओळख पटू नये म्हणून नाव, कामाचं स्वरूप आणि बारीकसारीक तपशील बदललेत. त्याला इथे निखिल म्हणूया. मी समुपदेशक आहे आणि एका डॉक्टरांसोबत काम करतो, त्यामुळे तपासणीचा भाग त्यांचा आणि बोलण्याचा भाग बराचसा माझा. निखिलने हे लिहायला स्वतःहून परवानगी दिली, कारण त्याच्या म्हणण्यानुसार त्याला जेव्हा हे वाचायची गरज होती तेव्हा असं काही मिळालंच नाही, जे मिळालं ते सगळं घाबरवणारं होतं.

पार्श्वभूमी

निखिल बावीस वर्षांचा. शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलेला, तब्येत चांगली, मोठा आजार कधी नाही, व्यसन नाही. त्याच्याच वयाची मैत्रीण, दुसऱ्या शहरात, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत फोन आणि चॅट. एका रात्री असंच बोलणं जरा रोमँटिक वळणावर गेलं आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की अंडरवेअरवर ओला डाग आहे. बोटाला लावून बघितलं तर पारदर्शक, चिकट, ताणलं की तार येते असं. लघवी नाही, वीर्यासारखं पांढरं दाट पण नाही. आणि मुख्य म्हणजे वीर्यपतन झाल्याची काही जाणीवच नव्हती, मग हे आलं कुठून.

शाळेत पुनरुत्पादनाचा धडा होता, आकृती होती, नावं पाठ केली होती, परीक्षेत मार्क पण मिळाले होते. पण उत्तेजना आली की शरीरात नेमकं काय काय होतं, कुठल्या क्रमाने होतं, हे एका ओळीत सुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांशी हा विषय शक्यच नाही. मित्रांमध्ये बोलणं व्हायचं पण ते बढाया मारण्यापुरतं, त्यात 'मला हे असं होतंय, तुला होतं का' असं विचारायची सोय नसते.

मग त्याने जे सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर शोधलं. आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळवण्यात आलं की त्याचा धातू, म्हणजे वीर्य, जातोय, असाच जात राहिला तर अशक्तपणा येणार, कंबर दुखणार, स्मरणशक्ती जाणार आणि लग्नानंतर 'काही जमणार नाही'. ही भीती फक्त आपल्याकडची नाही बरं का. स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या डॉक्टरने 1760 च्या सुमारास युरोपभर हेच पसरवलं होतं, की वीर्य गेल्याने माणूस रक्त गेल्यापेक्षा जास्त खचतो. अडीचशे वर्षांहून जास्त काळ झाला, विज्ञानाने ते कधीच मोडीत काढलं, पण भीती विकणारे तेच वाक्य अजून वापरतात आणि बावीस वर्षांच्या मुलाला एकट्याने रात्री दोन वाजता ते वाचायला मिळतं, याचा मला खरंच राग येतो.

अडचण कशी वाढत गेली

पुढच्या सहा-सात महिन्यांत जे झालं ते मी त्याने सांगितलेल्या क्रमाने लिहितो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

आधी त्याने ऑनलाईन एक पावडर मागवली. डब्यावर आत काय आहे ते धड लिहिलेलं नव्हतं. महिनाभर घेऊनही पाणी यायचं थांबलं नाही (थांबणारच नव्हतं), त्यामुळे त्याचा समज असा झाला की आपला आजार फार पुढे गेलाय. मग तो एका दवाखान्यात गेला. तिथे खाली मान घालून 'पाणी जातं' एवढंच बोलला. न तपासता, पुढे एकही प्रश्न न विचारता त्याला अँटिबायोटिक लिहून दिलं गेलं. गोळ्यांनी पोट बिघडलं, दोन-तीन दिवस जुलाब, अंगातली ताकद गेली. आता हा अशक्तपणा गोळ्यांचा होता, पण त्याने तो धातूच्या खात्यावर मांडला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हसून सांगितलं, 'काही नाही रे, लग्न कर, सगळं ठीक होईल.' वैद्यकीयदृष्ट्या ते चूक नव्हते, काही नव्हतंच. पण तो तिथून बाहेर पडताना जास्त घाबरलेला होता.

दरम्यान मैत्रीण भेटायला आली. दोघांची इच्छा होती, जवळीक सुरू झाली, आणि त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर, पाणी येतंय का, किती येतंय, तिच्या लक्षात आलं का. मधेच ताठरता गेली. परत आली नाही. त्या रात्री त्याने ठरवून टाकलं की भाकीत खरं झालं. मग फोन कमी केले, चॅटला उत्तरं उशिरा, शेवटी जवळपास बंदच. ती बिचारी समजली की याच्या आयुष्यात दुसरी कोणी आलीये. त्याच्या मावसभावाला हा सारखा खोलीतच बसलेला दिसायचा, त्याने खोदून विचारलं तरी सांगितलं नाही, पण 'दादा मला कोणाशी तरी बोलायचंय' एवढं म्हणाला आणि तो दादा त्याला आमच्याकडे घेऊन आला. दादा बाहेर बसला, आत यायचा आग्रह त्याने केला नाही हे फार बरं झालं.

पहिली भेट आणि पहिला निर्णय

अशा वेळी पहिली वीस मिनिटं मी फारसं बोलत नाही. 'पाणी जातं' या दोन शब्दांत किमान सहा वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. उत्तेजनेत येणारा पारदर्शक स्राव, झोपेत होणारं वीर्यपतन म्हणजे पोरं ज्याला नाईटफॉल म्हणतात ते, शौचाला जोर दिल्यावर प्रोस्टेट (मूत्राशयाच्या खालची ग्रंथी) दाबली जाऊन येणारे एक-दोन थेंब, लघवीत फॉस्फेट नावाचा क्षार असल्यामुळे दिसणारा पांढुरका गढूळपणा, संसर्गामुळे येणारा पू, किंवा लघवीनंतर मागे राहिलेले साधे थेंब. पहिल्या चारांत बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं, पण ते वेगळे करायचे तर विचारावं लागतं, कधी येतं, रंग कसा, वास आहे का, जळजळ होते का, मनात तसं काही नसताना पण येतं का.

निखिलची उत्तरं अगदी स्वच्छ होती. तिच्याशी बोलताना येतं, तसा विचार मनात आला की येतं. मधे त्याला आठवडाभर ताप होता तेव्हा अजिबात नाही. ऑफिसमध्ये कामाचा ताण होता तेव्हा पण नाही. मी म्हटलं, 'म्हणजे मनात तसं काही नसताना येत नाही?'

तो थांबला, मग म्हणाला, 'येतं सर. दाबलं की येतं.'

'दाबलं की म्हणजे?'

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तो दिवसातून दहा-बारा वेळा बाथरूममध्ये जाऊन लिंग मुळापासून टोकापर्यंत दाबून बघायचा की काही येतंय का. ऑफिसमध्ये सुद्धा. मोबाईलचा टॉर्च लावून टोक तपासायचा. गेल्या काही आठवड्यांपासून टोकाला जळजळ होत होती, लालसर दिसत होतं, आणि त्याच्या मते हा रोग वाढल्याचा पुरावा होता. मी त्याला एवढंच विचारलं की डोळा सारखा चोळत राहिलं तर काय होतं. म्हणाला, 'लाल होतो.' आणि लाल झाला म्हणून अजून चोळला तर? यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला, 'म्हणजे हे मीच करतोय?' ही कबुली त्याच्यावर आरोपासारखी बसू नये याची काळजी घ्यावी लागते. मी म्हटलं, तू घाबरून तपासत होतास, घाबरलेला कोणीही हेच करेल.

याच भेटीत एक प्रश्न सरळ विचारला, की जगण्याचा कंटाळा आलाय का, स्वतःला संपवावं असं मनात येतं का. तो म्हणाला, 'कधी कधी वाटतं काय उपयोग, पण तसं करायचं असं नाही.' झोप कमी होती, जेवण बरं होतं, नोकरीला जात होता. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच पाठवलं नाही पण दार उघडं ठेवलं, आणि असे विचार वाढले तर भेटीची वाट न बघता कोणाला फोन करायचा हे त्याच्यासमोर बसूनच ठरवलं.

कोणते पर्याय समोर होते

एक, 'सगळं नॉर्मल आहे' सांगून घरी पाठवणे. हे एकदा झालं होतं आणि उपयोग शून्य. ज्याला कारण माहीत नाही त्याला 'काही नाही' हे उत्तर म्हणजे डॉक्टरला पण कळलं नाही असं ऐकू येतं.

दोन, व्हिटॅमिनची गोळी 'यावरचं औषध' म्हणून देणे. यावर आमच्यात खरंच वाद झाला. एका अनुभवी सहकाऱ्यांचं म्हणणं, पोरगा महिनोन्‌महिने झोपला नाहीये, गोळी दिली की त्याला बरं वाटेल, मग हळूहळू समजवा. त्यात माया होती हे मला कळत होतं. पण गोळी देणं म्हणजे आजार होता हे मान्य करणं. गोळी बंद झाली की पाणी पुन्हा 'सुरू' होणार आणि तो पुढच्या पावडरकडे जाणार. आम्ही नाही म्हटलं.

तीन, भरपूर तपासण्या. निखिलला स्वतःलाच वीर्य तपासणी करून हवी होती, काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, बघायचा होता. मूल व्हायचा प्रश्नच आत्ता नव्हता, शिवाय एकाच माणसाचा काउंट दोन वेळेला वेगवेगळा येऊ शकतो. आज समाधान, उद्या त्या आकड्याची नवी काळजी. त्यामुळे ती तपासणी केली नाही. पण जळजळ होती म्हणून लघवीची तपासणी आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघणं आवश्यक होतं, 'भीतीच आहे' असं गृहीत धरून ते टाळणं चूक ठरलं असतं. लैंगिक संबंध आलाय का, मुखमैथुन झालंय का, हेही विचारलं, जसं डोकं दुखतं का विचारतात तसंच. दोन्ही नव्हतं. तपासणीच्या आधीच एक करार केला, रिपोर्ट नॉर्मल आला तर तीच टेस्ट पुन्हा करायची नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा टोकाला चोळल्याची लाली, बाकी काही नाही. डावा वृषण उजव्यापेक्षा खाली असतो याची त्याला मनातून काळजी होती, ती पण तिथेच संपली, बहुतेक पुरुषांचा तसाच असतो.

प्रत्यक्षात काय केलं

कागद-पेन घेऊन बसलो आणि सगळं क्रमाने काढून दाखवलं. मला वाटतं या प्रकरणात सगळ्यात जास्त काम या तासाभराने केलं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

उत्तेजना स्पर्शाने येते किंवा नुसत्या विचाराने, आवाजाने, आठवणीने पण. मेंदूकडून किंवा थेट स्पर्शाकडून निरोप मणक्याच्या खालच्या भागातल्या नसांपर्यंत जातो, तिथून लिंगाकडे. तिथल्या नसांच्या टोकाशी नायट्रिक ऑक्साईड नावाचं रसायन सुटतं, त्याने आतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, आणि भरलेल्या भागाच्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबल्या जातात, म्हणून ताठरता टिकते. सोबत हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, काहींची छाती आणि चेहरा लालसर होतो, स्तनाग्रं ताठ होतात, वृषण वर ओढले जातात आणि रक्त भरल्याने थोडे मोठे पण होतात. मास्टर्स आणि जॉन्सन या दोन संशोधकांनी 1966 मध्ये हे टप्पे प्रत्यक्ष निरीक्षणातून मांडले.

आणि याच वेळी, वीर्य यायच्या बऱ्याच आधी, प्रोस्टेटच्या खाली मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी कामाला लागतात. इंग्लंडच्या विल्यम काऊपरने 1699 मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना काऊपर ग्रंथी म्हणतात. लघवी ज्या मार्गाने जाते त्याच मार्गाने वीर्य जाणार असतं आणि लघवीचं आम्ल शुक्राणूंना सोसत नाही, म्हणून या ग्रंथी आधीच एक अल्कधर्मी (आम्लाचा परिणाम घालवणारा), बुळबुळीत, पारदर्शक स्राव सोडून तो मार्ग तयार करतात, वंगणाचं काम पण होतं. कोणाला एखादा थेंब येतो, कोणाला अंडरवेअर ओली होईल इतका, काही जणांना चार-पाच मिलिलिटरपर्यंत. तो येतोय हे कळत नाही, थांबवताही येत नाही, आणि एकाच माणसाला सुद्धा रोज सारखा येत नाही.

हे ऐकल्यावर निखिल बराच वेळ त्या चित्राकडे बघत होता. मग म्हणाला, 'म्हणजे तिच्याशी बोलताना हे यायलाच पाहिजे.' यायलाच पाहिजे असं नाही, न येणारे पण नॉर्मल असतात, पण आलं तर सगळं नीट चाललंय.

वीर्याचं पण सांगितलं, कारण धातू 'संपतो' ही भीती खोलवर असते. वीर्याच्या एकूण द्रवापैकी वृषणातून येणारा शुक्राणूंचा भाग जेमतेम 2 ते 5 टक्के, बाकीचा बहुतेक द्रव वीर्यकोश (प्रोस्टेटजवळच्या दोन पिशवीसारख्या ग्रंथी) आणि प्रोस्टेट यांचा. शुक्राणू रोज नवे तयार होत राहतात, एक तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि रांग कायम चालू असते. वापरले न गेलेले शरीर आपोआप शोषून घेतं किंवा झोपेत बाहेर पडतात. साठवून शक्ती वाढत नाही, बाहेर गेल्याने जात नाही.

त्याने चाचरत आणखी एक विचारलं, की खूप वेळ फोनवर बोललं आणि वीर्यपतन झालं नाही तर खाली वृषणात जड-जड दुखतं. ते साठलेल्या रक्तामुळे असतं, थोड्या वेळाने आपोआप जातं, वीर्यपतन झालं तर लवकर जातं. इजा काही होत नाही, आणि या दुखण्याचं कारण सांगून जोडीदारावर दबाव टाकायचा नसतो हे पण त्याच वाक्यात सांगावं लागतं, मी सांगतोच.

ताठरता गेल्याचं काय? त्याला विचारलं, सकाळी उठताना असते का. म्हणाला, 'रोज असते, पण ती लघवीमुळे ना.' नाही. झोपेत, स्वप्नं पडतात त्या टप्प्यांत, निरोगी तरुणाला रात्रीतून 3 ते 5 वेळा ताठरता येते, एकेक वेळ साधारण अर्धा तास, आणि सकाळची म्हणजे त्यातलीच शेवटची. झोपेत काळजी नसते म्हणून तेव्हा यंत्रणा बिनबोभाट चालते. जागेपणी भीती वाटली की अॅड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि ताठरता जाते. मैत्रिणीसोबत त्या रात्री तेच झालं. बिघाड असता तर सकाळी पण दिसला असता.

मग कृती. दाबून बघणं बंद करायचं, पण एकदम बंद कर म्हटलं तर होत नाही, म्हणून आधी ऑफिसमधलं बंद, मग दिवसाचं, मग रात्रीचं. थेंबांची नोंद ठेवायची नाही, त्याऐवजी दाबून बघायची इच्छा कधी झाली आणि ती किती वेळाने ओसरली एवढंच मोबाईलमध्ये लिहायचं. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या कामात घातली की इच्छा निघून जाते. शोधाशोध आणि व्हिडिओ बंद. पावडर बंद. सुती अंडरवेअर, ओली झाली तर बदलायची, विषय संपला. डॉक्टरांनी टोकाला साबण न लावता साध्या पाण्याने धुवायला सांगितलं, कारण घाबरून तो दिवसातून चार-चार वेळा साबणाने घासत होता.

मैत्रिणीला सांगायचं की नाही हा निर्णय त्याच्यावर सोडला. काय बोलायचं याची मात्र आमच्यासमोर तालीम केली, त्याची भाषा, त्याचे शब्द.

मधेच आलेलं वळण

पुढच्या एका भेटीत तो खूप हलका होऊन आला. जळजळ गेली होती, झोप लागत होती. आणि सहज बोलता बोलता म्हणाला, 'सर, हे वीर्य नाहीच म्हटल्यावर यातून प्रेग्नन्सीचं पण टेन्शन नाही, बाहेर काढलं की झालं.'

इथे मी सावध झालो. धीर देताना नेमकी हीच फट राहते. हा स्राव स्वतः वीर्य नाही हे खरं, पण काही पुरुषांमध्ये त्यात शुक्राणू सापडतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 27 पुरुषांपैकी 11 जणांच्या स्रावात शुक्राणू होते, आणि त्यातल्या बहुतेकांचे हलते होते. आपण कोणत्या गटात हे बाहेरून कळत नाही. पतनाआधी बाहेर काढण्याच्या पद्धतीवर प्रत्यक्ष वापरात वर्षभर अवलंबून राहिलेल्या 100 जोडप्यांपैकी सुमारे 20 जोडप्यांना गर्भधारणा होते. शिवाय या स्रावातून लैंगिक संसर्ग पण जाऊ शकतो. म्हणून कंडोम पहिल्या संपर्काच्या आधीच घालायचा, 'शेवटी-शेवटी' घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न हा होता की हे सांगितल्यावर त्याची भीती परत येईल का. पुन्हा 'त्या पाण्यात काहीतरी आहे' असं डोक्यात बसेल का. थोडी कळ काढून नंतर सांगावं असा विचार क्षणभर आला, पण दोघं पुढच्या आठवड्यात भेटणार होते, थांबून चालणार नव्हतं. मी म्हटलं, 'हे पाणी तुझ्यासाठी धोक्याचं नाही. तिला गरोदरपण नको असेल तर त्याची काळजी मात्र दोघांनी घ्यायची.' त्याने मान हलवली आणि मग कंडोम नीट कसा घालायचा हे विचारलं, तेव्हा मला कळलं की गाडी रुळावर आहे.

निकाल

काही महिन्यांनी चित्र असं होतं. पाणी अजून येतं, अर्थातच येतं. दाबून बघणं जवळपास बंद, पण पूर्ण नाही, कामाचा ताण आला की एखादा दिवस हात जातो असं तो सांगतो. मधे एकदा कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघून दोन दिवस परत घाबरला होता. तेव्हा टेस्ट करायचा आग्रह धरला, आम्ही करार आठवून दिला, काढलेलं चित्र परत समोर ठेवलं, तो शांत झाला. थकवा आणि कंबरदुखी, ज्याची एवढी चर्चा होती, त्याबद्दल त्याने नंतर स्वतःहून कधी विषयच काढला नाही.

मैत्रिणीला त्याने सांगितलं. ती आधी चिडली, आणि चिडण्याचा तिला हक्क होता, कारण इतके महिने तिने स्वतःतच खोट शोधली होती. 'एवढंच होतं तर बोलला का नाहीस' असं ती म्हणाली. नातं लगेच पूर्ववत झालं नाही, पण बोलणं सुरू झालं. पहिल्या काही भेटींत संबंध ठेवायचा नाहीच असं दोघांनी आमच्या सल्ल्याने ठरवलं, नुसती जवळीक, स्पर्श, कुठे पोचायचं नाही. परीक्षा नसली की नापास व्हायची भीती पण नसते, आणि त्याचा अनुभव तसाच होता, लक्ष स्वतःच्या शरीरावर पहारा द्यायचं सोडून तिच्याकडे गेलं आणि ताठरतेचा प्रश्न पुन्हा तसा आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दवाखान्यात 'कधी येतं आणि रंग कसा' हे दोनच प्रश्न विचारले असते तर बहुधा तिथेच सुटलं असतं. अँटिबायोटिकची गरज नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी हसण्याऐवजी काऊपर ग्रंथी कुठे असते हे बोटाने दाखवलं असतं तरी पुरलं असतं, दोन मिनिटांचं काम आहे. शाळेतल्या त्या आकृतीत ही ग्रंथी असते सुद्धा, फक्त ती काय करते आणि ते झाल्यावर कपड्यावर काय दिसतं हे कोणी सांगत नाही. मुलांना वयात यायच्या सुमारास हे एकदा सरळ सांगितलं तर भीती दाखवून पावडरी विकणाऱ्या दुकानांची निम्मी गिऱ्हाईकं कमी होतील असं माझं ठाम मत आहे.

आमच्या बाजूने, गर्भधारणेचा मुद्दा पहिल्याच तासात चित्रासोबत यायला हवा असं आता आम्ही ठरवलंय, त्याने विचारायची वाट बघायची नाही. आणि दाबून बघण्याबद्दल आता आम्ही प्रत्येकाला थेट विचारतो, कारण स्वतःहून हे कोणी सांगत नाही, लाज वाटते.

त्याचबरोबर कधी खरंच दाखवायचं हे पण प्रत्येकाला लिहून देतो, नाहीतर 'सगळं नॉर्मल' ऐकून माणूस आजार अंगावर काढतो. स्राव पिवळा, हिरवट किंवा पुवासारखा असेल, उत्तेजना नसताना आणि न दाबता आपोआप येत असेल, लघवीला जळजळ, ताप, फोड, रक्त असेल तर डॉक्टरांकडे जायचं. वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर तासाभराचीही वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत उपचार झाले तर तो वाचायची शक्यता जास्त. आणि ताठरता चार तासांहून जास्त राहिली, दुखायला लागली, तर तीही इमर्जन्सीच.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, निखिलची तयारी दिसली तेव्हाच मैत्रिणीला एका भेटीला सोबत बोलवायला हवं होतं, तिच्या मनातले प्रश्न तिला थेट विचारता आले असते आणि ते महिने भरून यायला कमी वेळ लागला असता. मला वाटतं, त्याने ते स्वतःच्या तोंडाने तिला सांगणं गरजेचं होतं, आमच्या खोलीत ते आमचं बोलणं झालं असतं. पुढच्या अशा प्रकरणात आम्ही ठरवलंय की दोघांनाही हा पर्याय सुरुवातीलाच सांगायचा आणि कोणी, कधी, कोणासमोर बोलायचं ते त्यांच्यावर सोडायचं.